द्वारकाबरोबर अ‍ॅमस्टरडॅम

द्वारका,

काल शालिमारहून नाशिकरोडच्या सिटी बसमध्ये बसले. तुझ्या नावाचा नाका आला तसा कंडक्टरनं दोरी ओढली आणि ओरडला, "द्वारकाऽ! चला, द्वारका उतरा!" रोजचंच ओरडणं. इतकी वर्षं आपण त्यावर हसत आलो. तू म्हणायचीस, "बघ, सगळ्या गावात माझ्या नावाचा पुकारा होतो, आणि उतरतं कोण? भाजीवाल्या." काल मला पुढं जायचं होतं, तरी मी उठले आणि उतरले. मग नाक्यावर ट्रकच्या धुळीत उभी राहिले. कुठं जायचं ते सुचेना. शेवटी मागून येणाऱ्या बसमध्ये चढले. तिच्या कंडक्टरनं विचारलं, "बाई, कुठं?"

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. शाळेच्या फळ्यावर तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात तुला 'मनमिळाऊ' म्हटलं होतं. मी तो शब्द वाचला आणि भर शोकात मला हसू फुटायची वेळ आली. तू आणि मनमिळाऊ! शिक्षकांच्या खोलीत तुझ्याशी भांडली नाही अशी एक तरी बाई दाखव. मीच तुझ्याशी सतरा वर्षं भांडत होते. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघी पंचवटीतल्या त्या शाळेत लागलो. पहिल्याच आठवड्यात माठातलं पाणी संपवल्यावरून आपली जुंपली. पाणी मी संपवलं नव्हतं, हे आताही सांगते.

मी मराठी शिकवायचे, तू भूगोल. तुझा आवाज भिंतीतून माझ्या वर्गात यायचा. तुझा हॉलंडचा धडा तर मला पाठ झाला होता. फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्या वर निळा खडू, खाली पांढरा. "पोरींनो, वर समुद्र आहे आणि खाली गाव आहे. मध्ये फक्त बांध. माणसांनी ठरवलं आणि समुद्राला सांगितलं, मागं सर." मग तू फळ्यावर डस्टर आपटायचीस आणि माझ्या वर्गातल्या मुली दचकायच्या.

म्हणून दिलीपचं, माझ्या धाकट्या भावाचं बोलावणं आलं तेव्हा मी पहिल्यांदा तुला सांगितलं. सिंहस्थ होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दिलीप अ‍ॅमस्टरडॅमला जहाजांच्या एका कंपनीत होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण झालं होतं आणि 'ताई, सुट्टीत ये' म्हणून त्यानं धोशा लावला होता. ह्यांना रजा मिळेना. सटाण्याच्या कांद्याच्या खळ्यावर वाढलेली मी, मुंबईलासुद्धा कधी एकटी गेले नव्हते. तुला म्हटलं, "नाही जात मी. एकटीनं विमानात बसायचं म्हणजे काय गंमत आहे?"

तू वह्या तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "एकटी कशाला? मी येते."

मला वाटलं, चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी तू पासपोर्टचा अर्ज भरून आणलास.

तुझे प्रभाकरराव पाटबंधारे खात्यात कारकून. सरळ माणूस, पण त्यांनाही जरा नवल वाटलं. "तिथं तुमचं काय काम?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "बारा वर्षं मी पोरींना सांगतेय की गाव समुद्राच्या खाली आहे. एकदा बघून येते, खोटं निघालं तर माफी मागायला बरी."

खोटं निघालं नाही. दिलीपनं आपल्याला पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या बांधावर नेलं तेव्हा तू एकदा समुद्राकडे पाहिलंस, एकदा मागं गाईंच्या कुरणाकडे. मग पदर खोचून बांधाच्या उतारावरून खाली उतरलीस आणि तिथून मला हाक मारलीस, "निर्मला, मी आत्ता समुद्राच्या खाली उभी आहे गं!" दोन डच म्हातारे सायकली थांबवून तुझ्याकडे पाहत राहिले. तुझा चेहरा असा, की जणू तो बांध तूच घातला होतास.

त्या तीन आठवड्यांत तू मला जेवढं चालवलंस तेवढं मी आयुष्यात चालले नाही. दिलीपचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा उभा. साडी सावरत, दोराला धरून उतरताना मी देवाचं नाव घ्यायचे आणि तू खालून म्हणायचीस, "त्र्यंबकचा ब्रह्मगिरी चढलीस ना? मग?" गावभर कालवे. कालव्यांच्या काठाला खेटून उभी असलेली उंच, चिंचोळी, विटांची घरं. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक लोखंडी आकडा. जिने अरुंद, म्हणून कपाटं, पलंग दोरानं बाहेरून वर ओढून घेतात, हे दिलीपनं सांगितल्यावर तू अर्धा दिवस मान वर करून कुणाचं तरी कपाट वर जायची वाट पाहिलीस. काचेच्या छपराच्या नावेत बसून आपण पुलांखालून फिरलो. चित्रांच्या मोठ्या संग्रहालयात मी थकून बाकावर बसले आणि तू एकेका चित्रापुढे नाक लावून उभी. "राजेराण्यांपेक्षा ह्यांनी स्वयंपाकघरं चांगली काढलीत," असं तुझं मत पडलं.

आणि तो मासा! पुलावरच्या गाडीवर एक माणूस कच्चा मासा साफ करून वर बारीक कांदा घालून देत होता. शेपटी धरून, मान मागं टाकून तो तोंडात सोडायचा. माझ्या अंगावर काटा आला. तू मात्र तिथल्या लोकांसारखीच मान मागं टाकलीस. "कसा आहे?" मी विचारलं. "मासा बरा आहे," तू म्हणालीस, "कांद्याचं तू सांग." मी दोन तुकडे चाखले. गोडसर होता, आपल्या उन्हाळ कांद्याचा झटका त्यात नव्हता. तसं मी त्या गाडीवाल्याला मराठीतून सांगितलं आणि त्यानं गंभीरपणे मान डोलावली. आपण दोघी पुलाच्या कठड्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

पण तुला दिवसाचं गाव पुरेना. तू म्हणालीस, "दिवसा सगळी गावं कामात असतात. माणसं बघायची तर दिवेलागणीनंतर." तिथं दिवेलागण तरी कसली, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड! जेवणं आटोपली की तू चपला घालून तयार. चौकात पोरं गिटार वाजवायची, कुणी तोंडातून जाळ काढायचा, कुणी दोरीवर चालायचा. रंगीत बाहुल्या लावलेला एक भलाथोरला पेटीचा गाडा यायचा. चाक फिरवलं की बाहुल्या घंटा वाजवायच्या. कॉफीच्या दुकानांच्या खुर्च्या रस्त्यावर मांडलेल्या, आणि त्यांत आपल्या वयाच्या, आपल्याहून थोराड बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या. तूही खुर्ची ओढलीस. शेजारच्या टेबलावर फेसाळलेले पेले. मी कुजबुजले, "इथं दारू पितात." तू म्हणालीस, "पिऊ देत. मी पंचशील घेतलंय ते न पिण्याचं. न बघण्याचं नाही घेतलेलं."

मग त्या बायकांकडे बघत तू म्हणालीस, "ह्या बायकांना उद्या सकाळी पाणी भरायचं नसेल."

मी म्हटलं, "नळ असतील चोवीस तास."

"तसं नाही गं," तू म्हणालीस. पण कसं, ते सांगितलं नाहीस. काही गोष्टी तू अशा अर्ध्यावर ठेवायचीस. मला वाटायचं, पुढं कधी तरी विचारू.

स्टेशनच्या पलीकडच्या गल्ल्यांविषयी दिलीपनं आपल्याला आधीच बजावलं होतं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. "ताई, तिकडं जाऊ नका. तिथं बायका... काचेत बसतात. धंद्याच्या." मी म्हटलं, "आपल्याला काय करायचंय तिकडं?" तू काही बोलली नाहीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं की आपण जाणार.

निघायच्या दोन दिवस आधी तू म्हणालीस, "आज तिकडं जाऊ."

मी वैतागले की माझ्या तोंडात अहिराणी येते. "माले येवानं नही," मी म्हटलं.

"नको येऊस. मी जाऊन येते."

तुला एकटीला कशी सोडणार? गेलो. ऊन उतरलं होतं पण उजेड होता. कालव्यात हंस होते. एक जुनं चर्च होतं, आणि चर्चला लागूनच त्या गल्ल्या. दारांसारख्या उंच काचा, वर लाल नळ्यांचे दिवे, आत स्टुलावर बसलेल्या बायका. मी मान खाली घालून चालले. मला आजही तिथल्या फरशा आठवतात, चेहरे नाही. रस्ता माणसांनी भरलेला. बायको-मुलांसकट आलेले लोक, दारू प्यायलेली पोरं, जपानी पाहुण्यांचा घोळका. हसणं, बोटं दाखवणं. मी तुझा दंड धरून ओढत होते आणि तू सावकाश चालत होतीस. काचेतल्या बायकांकडे तू फारसं पाहत नव्हतीस. तू बघणाऱ्यांकडे बघत होतीस.

एका काचेपाशी चार-पाच पोरं थांबली होती. आतली बाई चाळिशी ओलांडलेली, खांद्यावर लोकरीची शाल घेतलेली. ती जेवत होती. मांडीवर ताटली, त्यात सूप आणि पाव. पोरं काचेवर टिचक्या मारत होती आणि तिच्या खाण्याची नक्कल करत होती. तिनं एकदा वर पाहिलं, मग खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं आणि पाव मोडून खात राहिली.

तू माझा हात सोडलास. त्या पोरांच्या आणि काचेच्या मध्ये जाऊन उभी राहिलीस, काचेकडे पाठ करून. तुझी ती मोरपंखी साडी, कपाळावर घाम, हातात पिशवी. आठवीच्या वर्गात दंगा चालला असेल तर तू जशी उभी राहायचीस तशी. आणि मराठीत म्हणालीस, "जेवणाऱ्या माणसाकडं बघू नये. चला, निघा."

पोरांना शब्द कळले नाहीत. पण शिक्षिका कुठल्याही देशात ओळखू येत असावी. त्यातल्या एकानं चक्क टोपी काढली. मग सगळी पांगली. तू मागं वळलीस तेव्हा ती बाई तुझ्याकडे पाहत होती. हसली नाही, हात केला नाही. चमचा हातात तसाच. तूही काही केलं नाहीस. पुढं निघालीस.

पुलावर पोचल्यावर तू थांबलीस. कठड्यापाशी पायरी होती, तिथं बसलीस. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली काढली. तू म्हणालीस, "नको. बस. इथं मराठी कुणाला कळत नाही, म्हणून सांगते."

इतक्या वर्षांत मला तुझ्या माहेरचं फार थोडं माहीत होतं. येवल्याजवळचं गाव, वडील चळवळीतले, आई लवकर गेली. त्या पायरीवर मला पहिल्यांदा कळलं की तुला एक मावशी आहे. भागामावशी, तुझ्या आईची थोरली बहीण.

तू सांगितलंस ते मी त्याच क्रमानं लक्षात ठेवलं आहे. तुझ्या आजोबांची मुलं जगेनात, म्हणून त्यांनी खंडोबाला नवस केला होता, जगेल ती पोर तुला वाहीन. भागामावशी जगली. नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या गळ्यात देवाच्या नावाची कवड्यांची माळ पडली आणि ती मुरळी झाली. लग्न देवाशी, म्हणून माणसाशी नाही. रात्र रात्र जागरणात नाचायचं, गायचं. देवाची बायको म्हणून पाया पडणारे लोक दिवस मावळल्यावर वेगळ्या नात्यानं दारात यायचे. "ती जेवायला बसली ना," तू म्हणालीस, "की गावातली पोरं दारात येऊन उभी राहायची. मुरळी जेवते कशी ते बघायला. ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. मी तिच्या ताटात जेवायचे. मला वाटायचं, जेवायची तीच रीत असते."

मग धर्मांतर झालं. तुझ्या वडिलांनी घरातले देव गोळा करून गोदावरीत सोडले. त्यांत मावशीची माळही गेली. "देव सोडला ते चांगलंच केलं," तू म्हणालीस, "पण देवाबरोबर तिलाही सोडलं. जुनी घाण म्हणून. जसं काही तिनंच ती केली होती." तुला वसतिगृहात घालायला मात्र मावशीच आली होती. फाटकापाशी थांबली, आत आली नाही. तुझी वेणी पुन्हा एकदा घालून दिली आणि गेली. तुझ्या लग्नाला वडिलांनी तिला बोलावलं नाही आणि तू हट्ट धरला नाहीस.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"आहे. गावाबाहेर खोपट आहे. खळ्यावर कांदे निवडायला जाते. निर्मला, मी तिला लग्नानंतर पाहिलेलं नाही. प्रभाकरला ठाऊकच नाही. मघाशी ती बाई भिंतीकडं वळली ना..."

 खालून एक नाव गेली. तिच्यातली माणसं गात होती आणि आपल्याकडे बघून त्यांनी हात हलवले. मी हात हलवला. दुसरं काय करणार होते?

नाशिकला परतल्यावर आठवड्याच्या आत तू येवल्याची एसटी पकडलीस. मावशी यायला तयार नव्हत्या, हे तूच मला सांगितलंस. "तुझ्या संसारात मी कशाला माती कालवू?" म्हणाल्या. तू म्हणालीस, "मला आई नाही. माझी वेणी कोण घालणार?" चाळिशीला आलेली बाई तू, डोक्यावर चार केस. पण त्या आल्या. गाठोडं केवढं होतं, तर तुझ्या शाळेच्या पिशवीत मावलं असतं.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं होते. आपलं बिनसलं ते पुढं.

पौर्णिमेला कॉलनीतल्या विहारात सगळे जमले असताना तू मावशींना पुढं बसवलंस आणि उठून सांगितलंस, "ही माझी मावशी. हिला लहानपणी मुरळी सोडली होती. आता ही आमच्याकडे राहील." मला तू आग्रहानं बोलावलं होतंस, म्हणून मी तिथं होते.  मावशींच्या शेजारच्या दोन बायका सरकून बसल्या, तेवढ्यानं सतरंजीवर एक जागा मोकळी पडली. प्रभाकरराव विहाराच्या समितीत होते. त्यांनी खाली मान घातली. त्यानंतर कितीतरी दिवस ते तुझ्याशी कामापुरतं बोलत होते. मावशींना कधी 'मावशी' म्हणून हाक मारली नाही त्यांनी. "त्यांना चहा झाला का?" असं विचारायचे. वाईट वागले नाहीत, पण त्या 'त्यांना'च्या पुढं सरकले नाहीत.

मग तुझ्या मुलीचं, वैशालीचं, ठरत आलेलं लग्न फिसकटलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही. द्यायची गरज नव्हती.

मी तावातावानं तुझ्या घरी आले होते. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "आणलंस ते पुण्याचं काम केलंस. पण मावशी म्हणून आणायचं, पुढचं कशाला सांगायचं? तुझ्या खरेपणाचा भुर्दंड पोरीला पडला."

"लपवून आणलं असतं तर तिला घरातही लपूनच राहावं लागलं असतं. आयुष्यभर लपली ती. पुरे झालं."

"आणि त्यांना विचारलं होतंस? गोष्ट त्यांची आहे, द्वारका. तुझी नाही. सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं."

तू तवा उतरवलास.  मग म्हणालीस, "विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. कधीच हो म्हणाली नसती."

"मग नसतं सांगायचं."

"मग ती मेल्यावर आपण सांगितलं असतं, किती सोसलं बिचारीनं. तसं चाललं असतं तुला?"

आतल्या खोलीत मावशी होत्या. त्यांनी ऐकलं असेलच.  तू ताट वाढलंस आणि मी भांडणाच्या तोंडानंच जेवले.

वैशालीचं पुढं चांगलं झालं. तिनं स्वतः निवडलेल्या मुलाला तिनं पहिल्या भेटीतच मावशीआजीबद्दल सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग?" हा 'मग' तू मला दहा वेळा ऐकवलास. तरी मी हरले नाही. मुलगी सुखात पडली म्हणून तुझं म्हणणं खरं ठरत नाही, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, मराठीच्या बायका शेवटच्या ओळीपर्यंत भांडतात. पाच वर्षं आपण हा वाद कधी बसमध्ये, कधी पेपर तपासताना, कधी गंगेवर, गोदाकाठच्या बाजारात भाजी घेताना पुढं चालवला. शेवटी दवाखान्यातसुद्धा. कावीळ तुझ्या डोळ्यांत उतरली होती. मी मोसंब्याचा रस आणला होता. तू एकदम म्हणालीस, "तिला विचारायला हवं होतं का गं?" मी म्हटलं, "आधी बरी हो, मग भांडू." मला वाटलं, मी तुला धीर देतेय. तुला उत्तर हवं होतं का, की नुसतं विचारून पाहायचं होतं, हे आता कुणाला विचारू?

गेल्या रविवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुझी माणसं, शाळेच्या बायका, तुझ्या जुन्या विद्यार्थिनी, काही जणी कडेवर पोरं घेऊन आलेल्या. विहार भरून अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. वंदना झाली, मग एकेक जण बोलले. मुख्याध्यापिका बोलल्या, तेव्हा 'मनमिळाऊ' पुन्हा एकदा आलं. मलाही बोलायला सांगितलं. मी उठले आणि हॉलंडचा बांध सांगायला लागले आणि मध्येच बसले.

आणि मला एक भीती होती. ती तुला सांगते. आदल्या दिवशी तुझे कुणी चुलतभाऊ अंगणात बोलत होते. "द्वारका गेली, आता म्हातारीला इथं कोण बघणार? गावाकडं पोचवून देऊ." प्रभाकरराव तिथंच होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मावशी ओट्यावर लसूण सोलत होत्या. सोलत राहिल्या.

सभा संपत आली तेव्हा बायकांतून मावशी उठल्या. कुणी तरी त्यांना हाताला धरून खाली बसवायला गेलं. त्यांनी हात सोडवून घेतला. पुढं आल्या. माईक समोर होता, पण त्याच्याशी काय करायचं त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्या शेजारी उभ्या राहून बोलल्या. पण आवाज जागरणातला, द्वारका. अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

"मला भाशान येत नाय," त्या म्हणाल्या. "पोरीनं माझं समद्यांला सांगितलं व्हतं, तवा मला लय राग आला व्हता तिचा. दोन दिस जेवले नाय मी. तिला म्हनलं, माझं झाकलं व्हतं ते तू का उघडं केलं? ती म्हनली, मावशे, चुकलं आसंल माझं. पाया पडली माझ्या." त्या थांबल्या. "तिला मी काय बोलले नाय परत. आज बोलते. मी मुरळी व्हते. मला बापानं सोडली. माझी लाज मला नाय, ज्यांनी सोडली त्यांला आसंल. हे मी आज माझ्या तोंडानं सांगते. तिनं सांगितलं तवा ती तिची गोष्ट व्हती. आता माझी हाय. बास."

म्हणजे तू त्यांच्या पाया पडली होतीस. चुकलं असेल म्हणाली होतीस. आणि मला पाच वर्षं कळू दिलं नाहीस!

मावशी तशाच उभ्या होत्या. बोलून झाल्यावर काय करायचं असतं ते त्यांना कळेना. मग प्रभाकरराव उठले. पहिल्या रांगेतली आपली खुर्ची त्यांनी उचलली आणि तुझ्या फोटोशेजारी नेऊन ठेवली. म्हणाले, "मावशी, इथं बसा."  त्या बसल्या. चुलतभावांकडे न बघता प्रभाकररावांनी सगळ्यांना सांगितलं, "मावशी आमच्या घरातल्या मोठ्या. त्या इथंच राहतील." एवढं बोलून ते बाहेर निघून गेले. नळावर तोंड धूत असलेले मला दिसले.

आपला वाद मिटला का? मला नाही वाटत. तुला आणखी आयुष्य असतं तर आपण त्यांच्या भाषणावरून नवीन भांडण काढलं असतं. मी म्हटलं असतं, बघ, मी सांगत होते ना? आणि तू म्हटलं असतंस, मी आधी बोलले नसते तर त्या बोलल्या असत्या का? दोन्ही आवाज माझे मलाच काढावे लागतात आता. तुझा आवाज काढताना मी जिंकत नाही.

एक गोष्ट मात्र मला तुला कधी सांगता आली नाही. त्या गल्लीत तू काचेकडे पाठ करून उभी राहिलीस तेव्हा मला तुझी भीती वाटली होती आणि तुझा फार अभिमानही वाटला होता. पुलावर मी ते म्हणायला हवं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली. बरोबर आलीस म्हणून मी जग पाहिलं, हेही मी कधी म्हणाले नाही. आपल्यात असं बोलायची सवयच नव्हती.

आज संध्याकाळी तुझ्या घरी गेले. प्रभाकरराव दळण आणायला गेले होते. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बस." मी बसले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू व्हती ना तिच्यासंग, त्या गावाला?"

"होते."

"पोरगी सांगायची, तिथल्या बाया रातच्याला एकल्या सायकलीवर घरला जातात. खरं का?"

"खरं आहे, मावशी. आम्ही पाहिलं. म्हाताऱ्या बायकासुद्धा. दिवा लावून, गाणं म्हणत."

"कुनी आडवत नाय?"

"नाही."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कॉलनीतले दिवे नुकते लागले होते. "सांग मंग," त्या म्हणाल्या, "पयल्यापासून सांग."

तू त्यांना काय काय सांगून ठेवलं होतंस ते मला माहीत नव्हतं. मी विमानापासून सुरुवात केली.